रोजच्या जगण्यात बीपी कसं सांभाळायचं: मोजणीपासून डॉक्टरांच्या भेटीपर्यंत, क्रमवार

रात्री साडेनऊला मशीनवर १६८ दिसलं म्हणून माझ्या वडिलांनी सकाळचीच गोळी पुन्हा एकदा घेतली. मध्यरात्री बाथरूमला उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दारातच पडले. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं तेव्हा कळलं, की दोन पिशव्या घेऊन जिना चढून आल्या आल्या त्यांनी स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधला होता आणि मशीन चालू असताना फोनवर बोलत होते.

तेव्हापासून मी हे अनेक घरांत पाहिलं आहे. गोळी बदलली जाते, जेवण अळणी होतं, सगळं घर काळजीत पडतं, पण आकडा मुळात नीट मोजलाय का हे कोणी तपासत नाही. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच करा. पहिले चार टप्पे फक्त मोजणीचे आहेत. ते कंटाळवाणे वाटतील, तरी गाळू नका. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

हा लेख प्रौढांसाठी आहे. गर्भवती, डायलिसिसवर असलेले आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेले यांनी कोणत्या हातावर मोजायचं आणि किती आकडा चालेल हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

टप्पा १: मशीन आणि पट्टा

दंडावर पट्टा बांधायचं, आपोआप हवा भरणारं मशीन घ्या. मनगटावरची मशीनं सोयीची वाटतात, पण हात जरा खाली-वर झाला की आकडा हलतो. बोटावरची तर घेऊच नका. मॉडेलची अचूकता स्वतंत्र चाचणीत तपासली गेली आहे का, हे 'स्ट्राइड बीपी'सारख्या खुल्या यादीत पाहता येतं. खोक्यावर 'डॉक्टरांनी सुचवलेलं' असं छापलेलं असतं, त्यावरून काहीच ठरत नाही.

मशीनपेक्षा जास्त घोळ पट्ट्यात होतो. कोपर आणि खांदा यांच्या बरोबर मध्ये, दंडाच्या घेराभोवती टेप लावा. बहुतेक मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. नेमकी मर्यादा पट्ट्यावर छापलेली असते. दंड ३५ सेंटिमीटर असेल आणि पट्टा हा नेहमीचा, मधल्या मापाचा असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. दंड फार जाड असेल तर हा फरक २० पर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे ज्याचं बीपी खरं तर आटोक्यात आहे, त्याला वर्षानुवर्षं जास्तीची गोळी चालू राहते. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला तरी मागवा.

*तपासणी:* नवं मशीन पहिल्या भेटीत डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मशीनसोबत पडताळून घ्या. पुढे वर्षातून एकदा हेच करा. सेल उतरत आले की बदला.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हातावर आकडा जास्त येतो, तोच हात कायमचा धरा. दोन हातांतला फरक पुन्हा पुन्हा १५ च्या वर येत असेल तर तो रक्तवाहिनीतल्या अडथळ्याचा इशारा असू शकतो. डॉक्टरांना आवर्जून सांगा.

टप्पा २: मोजण्याआधीचा अर्धा तास

या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट काही नको. व्यायाम, जिने चढणं, घाईची कामंही नकोत. लघवी करून या. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण भरलेलं मूत्राशय बीपी सहज वाढवतं.

मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. घड्याळ लावून पाच मिनिटं. टीव्ही बंद, फोन दूर. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून किंवा सोफ्यात रुतून बसून मोजलेला आकडा वहीत लिहू नका.

*इशारा:* मोजायचं म्हणूनच धास्ती वाटत असेल, तर पाच मिनिटांची दहा करा. "आता किती येईल" या विचारानेसुद्धा आकडा वर जातो.

टप्पा ३: प्रत्यक्ष मोजणी

दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवा, पाय एकमेकांवर नकोत. पाठ टेकलेली असू द्या. बाही गुंडाळून वर सरकवू नका, कारण गुंडाळलेली बाही दंडाला आवळते. हात बाहीतून पूर्ण बाहेर काढा आणि पट्टा उघड्या त्वचेवर बांधा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर हवी आणि नळी दंडाच्या आतल्या बाजूने खाली यायला हवी. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जेमतेम शिरतील इतकाच तो घट्ट ठेवा.

आता हात टेबलावर अशा उंचीला टेकवा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल, म्हणजे साधारण छातीच्या मध्याशी. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी ठेवा. हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा साधारण ८ ने जास्त येतो. हात मांडीवर ठेवून मोजणाऱ्यांचं बीपी नेहमी 'जरा जास्तच' असतं, ते यामुळे. आणि हात हवेत धरून ठेवला तर स्नायूंच्या ताणानेही आकडा चढतो.

बटण दाबल्यापासून आकडा येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. बोलल्याने वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. घरातल्यांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर "किती आलं?" हा प्रश्न पट्टा फुगत असतानाच येतो.

एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही आकडे लिहा. पहिला जास्त आला म्हणून खोडू नका आणि तिसरा-चौथा चांगला येईपर्यंत बटण दाबत बसू नका.

*तपासणी:* मशीनवर अनियमित ठोक्यांचं चिन्ह वारंवार दिसत असेल तर ते वहीत नोंदवा आणि डॉक्टरांना ईसीजीबद्दल विचारा. ठोके अनियमित असताना एकेका मोजणीचा भरवसा कमी होतो. अशा वेळी लागोपाठ तीन मोजण्या घ्या.

टप्पा ४: सात दिवसांची वही

सलग सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. सकाळची मोजणी उठल्यावर तासाभरात, लघवीनंतर, पण गोळी आणि नाश्त्याच्या आधी. संध्याकाळची जेवणाआधी किंवा झोपण्याआधी. एक वेळ ठरवा आणि आठवडाभर तीच पाळा.

पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत धरू नका, त्या दिवशी हात सरावलेला नसतो. उरलेल्या सहा दिवसांच्या चोवीस नोंदी घ्या. वरच्या आकड्यांची बेरीज करून चोवीसने भागा, खालच्यांचंही तसंच. एका दिवसाचं उदाहरण पाहा: सकाळी १४२/८८ आणि १३६/८४, संध्याकाळी १३८/८६ आणि १३२/८२. वरच्यांची बेरीज ५४८, भागिले चार, म्हणजे १३७. खालच्यांची ३४०, भागिले चार, म्हणजे ८५. त्या दिवसाचं बीपी १३७/८५. जो १४२ पाहून घाबरला आणि जो १३२ पाहून निर्धास्त झाला, दोघांचीही दिशाभूल झाली.

घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर ती दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची धरतात. अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर १३०/८० पासूनच उच्च रक्तदाब म्हणायला सुरुवात केली. तुमच्यासाठी लक्ष्य कोणतं हे वय, मधुमेह, मूत्रपिंडं आणि पडण्याचा धोका पाहून ठरतं. डॉक्टरांकडून तो आकडा विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. कितीतरी लोक दहा-दहा वर्षं गोळ्या घेतात आणि आपलं बीपी किती असायला हवं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

ही सात दिवसांची मोजणी डॉक्टरांच्या भेटीआधी करा, आणि गोळी बदलल्यावर डॉक्टर सांगतील तितक्या आठवड्यांनी. एरवी आठवड्यातून एक-दोन दिवस पुरे. दिवसातून दहादा मोजणाऱ्या माणसाचं बीपी मोजण्याच्या काळजीनेच वाढतं.

*इशारा:* "माझं डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे" हा हिशोब चुकीचा आहे. वाढलेल्या बीपीला बहुतेकांमध्ये काहीही लक्षण नसतं.

टप्पा ५: गोळी

सर्वांत जास्त नुकसान होतं ते "आता नॉर्मल आलंय" म्हणून गोळी बंद केल्याने. आकडा नॉर्मल आला आहे तो गोळीमुळे. काही गोळ्यांचा, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिनचा, असर शरीरात काही दिवस रेंगाळतो. त्यामुळे बंद केल्यावर चार दिवस आकडा चांगलाच दिसतो, माणूस खूश होतो आणि मोजणंही सोडतो. बीपी त्यानंतर चढतं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल आणि विशेषतः क्लोनिडिन एकदम बंद केलं तर बीपी उसळी मारू शकतं, छातीत दुखूही शकतं. वजन घटलं, मीठ कमी झालं, तर गोळी कमी होऊ शकते, होतेही. पण ती डॉक्टरांनी, वही पाहून, पायरीपायरीने कमी करायची.

सकाळी की रात्री, यावर पुष्कळ वाद झाले. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या 'टाइम' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दृष्टीने दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. म्हणून जी वेळ विसरली जात नाही ती धरा. दात घासण्याच्या वेळेला जोडून ठेवली तर सहसा चुकत नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळी बरी, नाहीतर झोपमोड होते. वारांचे कप्पे असलेली डबी ठेवा; "घेतली की नाही?" हा प्रश्न डबी उघडली की सुटतो.

चुकली तर? त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. दोन एकदम कधीही घेऊ नका.

त्रास होत असेल तर गोळी गुपचूप सोडू नका, फोन करा. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी, म्हणजे रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने, काहींना कोरडा खोकला लागतो. लोक महिनोन् महिने खोकल्याचं औषध पितात आणि मूळ कारण तसंच राहतं. ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते. दोन्हींना पर्याय आहेत. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. 'प्रिल' आणि 'सार्टन' गटातल्या (नावाच्या शेवटी 'सार्टन' असलेल्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन) गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच सांगा.

*तपासणी:* उठल्यावर गरगरतं का? पाच मिनिटं बसून मोजा, मग उभे राहा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ कोणीतरी असू द्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर डॉक्टरांना कळवा. वयस्कर माणसांच्या बाबतीत ही तपासणी मी कधीच टाळू देणार नाही.

*इशारा:* जुलाब, उलट्या, अंगातलं पाणी कमी होणं, अशा दिवसांत लघवीच्या, 'प्रिल' आणि 'सार्टन' गटातल्या गोळ्यांनी मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. त्याच दिवशी फोन करून विचारा, चालू ठेवायची की थांबवायची.

टप्पा ६: घरातल्या औषधांच्या डब्याची झडती

बीपीची गोळी चुकत नाही, मीठ कमी आहे, तरी आकडा उतरत नाही, अशा वेळी डॉक्टर दुसरी गोळी जोडण्याआधी हा डबा टेबलावर ओता. मला तरी इथेच सर्वांत जास्त उत्तरं सापडली आहेत.

गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बीपी वाढवते, शिवाय बीपीच्या गोळीचा असरही कमी करते. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. स्टेरॉइड आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही बीपी वाढतं. ज्येष्ठमध नियमित घेतल्याने पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. 'नैसर्गिक' आहे म्हणून ते कोणी डॉक्टरांना सांगत नाही. आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या: त्या फसफसतात सोडियमच्या क्षारांमुळे. अशा पॅरासिटॅमॉलच्या एकेका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं.

यातलं डॉक्टरांनी दिलेलं काही आपल्या मनाने बंद करू नका. यादी करा आणि त्यांना दाखवा.

टप्पा ७: मीठ मोजा

"आमच्याकडे मीठ कमीच असतं" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. म्हणून अंदाज नको, मोजा. मिठाचं एक किलोचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. चार प्रौढांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलो ५० दिवस पुरायला हवं. ३० दिवसांत संपलं, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात. त्यात विकतच्या आणि बाहेरच्या खाण्यातलं मीठ अजून धरलेलंच नाही.

ते धरायला वेष्टन वाचा. तिथे बहुधा 'सोडियम' लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ, आणि हे प्रमाण जास्त. १२० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर कमी. पाव, चीज, सूपची पाकिटं, तयार सॉस यांत ते लपलेलं असतं. जिभेला खारट लागेलच असं नाही. खाण्याचा सोडा, फुगवणारी पावडर, चव वाढवणारे क्षार यांतही सोडियम आहे.

एकदम अळणी करू नका, आठवड्याभरात सगळं घर बंड करेल. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. काही आठवड्यांत जीभ जुळवून घेते. टेबलावरची मिठाची बाटली मात्र आजच उचला. सैंधव, गुलाबी, समुद्री, सगळी मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. रंग बदलल्याने बीपी उतरत नाही.

*इशारा:* 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बऱ्याच जणांना ते उपयोगी पडतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा 'प्रिल', 'सार्टन' गटातली गोळी अथवा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. विचारल्याशिवाय वापरू नका.

टप्पा ८: चालणं, वजन, झोप

आठवड्याला किमान १५० मिनिटं, असं की चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दिवसाला तीस मिनिटं, पाच दिवस. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतं. वजन जास्त असेल तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एकने उतरतो, म्हणजे पाच किलोसुद्धा वाया जात नाहीत. वजन उचलताना श्वास कोंडू नका. बीपी १८० च्या आसपास असेल त्या दिवशी जोराचा व्यायाम नको. दारू जितकी कमी तितकं बीपीला बरं.

मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला दिसतं, स्वतःला नाही. तीन गोळ्या घेऊनही बीपी न उतरण्यामागे झोपेतला श्वासरोध असू शकतो. जोडीदाराला विचारा आणि उत्तर वहीत लिहा.

टप्पा ९: आकडा अचानक वर गेला तर

१८०/१२० किंवा जास्त दिसलं, की पहिला प्रश्न आकड्याचा नाही, लक्षणांचा. छातीत दुखणं, धाप लागणं, चेहरा वाकडा होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, गोंधळल्यासारखं वागणं, असह्य डोकेदुखी: यातलं काहीही असेल तर रुग्णवाहिका बोलवा. पुन्हा मोजत बसू नका, स्वतः गाडी चालवू नका. ही लक्षणं असतील तर आकडा कमी असला तरीही हेच करा.

लक्षण काहीच नसेल तर शांत बसा, पाच मिनिटांनी नीट मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आजची गोळी राहिली असेल तर ती घ्या.

*इशारा:* जास्तीची गोळी नाही, शेजाऱ्याची गोळी नाही, जिभेखाली फोडून ठेवायची गोळी तर मुळीच नाही. निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली देण्याची जुनी पद्धत सोडून दिली गेली, कारण बीपी एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्याच्या घटना घडल्या.

टप्पा १०: डॉक्टरांच्या भेटीला काय न्यायचं

सात दिवसांची वही, सरासरी काढून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, टप्पा ६ मधल्या यादीसह. वर्षातून एकदा मशीन. चुकलेल्या गोळ्यांचा खरा आकडा. "एखादी राहते कधीतरी" असं मोघम सांगितलं तर डॉक्टर डोस वाढवतात, आणि मग आठवडाभर सगळ्या गोळ्या नीट घेतल्या की चक्कर येते.

रक्तातलं क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईसीजी शेवटचे कधी झाले, हे वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. निघताना तीन गोष्टी विचारून तिथेच लिहा: माझं लक्ष्य किती, पुढची सात दिवसांची मोजणी कधी, आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा.

वडिलांच्या वहीत आता पहिल्या पानावर लक्ष्य आहे आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ: 'स्वेटर काढणे. फोन ठेवणे. पाच मिनिटे बसणे.' परवा संध्याकाळी पहिला आकडा १५८ आला. ते काही बोलले नाहीत, एक मिनिट थांबले आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं. १३९ आला. दोन्ही आकडे लिहिले आणि वही मिटली.